दुपारी दोनची लाल फुली

पत्र:

«माझं वय एक्कावन्न. रावपुऱ्यात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात एकोणीस वर्षं काम करते. मराठी मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांची 'बेन'. आमच्याकडे अकरा संगणक आहेत. आठ तळमजल्यावर आणि तीन गल्लीपलीकडच्या इमारतीत भाड्याने घेतलेल्या खोलीत. तिकडे केबल गच्चीवरून नेली आहे. अशिलांच्या सगळ्या फायली झेड ड्राइव्हवर असतात. तो ज्या जुन्या मशीनवर आहे त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. ते कोपऱ्यातल्या टेबलाखाली जमिनीवर ठेवलेलं असतं.

वर्षभर हा ड्राइव्ह तुटतोय. दुपारी जेवून आलं की त्यावर लाल फुली. कधी क्लिक केल्यावर उघडतो, कधी मुळीच नाही. सकाळी मशीन चालू केलं की 'सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' असं येतं. पलीकडच्या खोलीतल्या तिघी मुली एक्सेलमध्ये काम करत असताना मध्येच त्यांचा झेड जातो, तिघींचा एकदम. दिवाळीत दोन नवे लॅपटॉप घेतले, त्यांवर तर तो लागतच नाही. सुरक्षेच्या धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत येतं. शेठचा मुलगा म्हणतो, नेटवर सापडलं आहे, जुनी पद्धत चालू केली की लागेल.

दुरुस्तीवाला भाई येतो, कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसतो, दोन मिनिटांत 'थई गयुं (झालं), बेन' म्हणतो आणि चारशे रुपये नेतो. आता म्हणतो, सर्व्हर लेवुं पडशे. शेठच्या मुलाचं म्हणणं, बेन फायली उघड्या टाकून जेवायला जातात म्हणून होतं. परवा आमच्या शिपायाने टेबल पुसलं, तेव्हा त्या मशीनचा माउस हलला आणि सगळ्यांचा झेड चालू झाला. मी हे सांगितलं तर सगळे हसले. चूक खरंच माझी आहे का? आणि सर्व्हर घ्यायला लावू का?
— बेन, रावपुरा, वडोदरा»

ताई, बेन म्हणणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत, मी ताईच म्हणतो. चूक तुमची नाही. दुपारच्या फुलीचं निदान तुमच्या शिपायाने केलेलंच आहे, फक्त त्याला चारशे रुपये कोणी दिले नाहीत.

माउस हलला आणि ड्राइव्ह चालू झाला, म्हणजे ते मशीन झोपलं होतं. तुम्ही ज्याला सर्व्हर म्हणता तो साधा ऑफिसचा संगणक आहे. साध्या संगणकाला वाटतं की आपल्यासमोर कोणीतरी बसलेलं आहे. बराच वेळ माउस हलला नाही, कळ दाबली गेली नाही, की तो समजतो, माणूस उठून गेला, आणि आपणही डोळे मिटतो. नेटवर्कवरून कोणाची फाइल उघडी असेल तोवर तो सहसा जागा राहतो, म्हणून सकाळभर तुम्हाला त्रास होत नाही. एक वाजता सगळे फायली बंद करून डबे उघडतात आणि दोनपर्यंत स्वारी गाढ झोपलेली असते. म्हणजे शेठच्या चिरंजीवांचा आरोप नेमका उलटा आहे. तुम्ही फाइल उघडी टाकून जेवायला गेला असतात, तर बहुधा ड्राइव्ह तुटलाच नसता! (हे त्यांना सांगा, पण उपाय म्हणून करू नका. उघड्या फाइलवर दुसऱ्याला काम करता येत नाही.)

उपाय दोन मिनिटांचा आहे, तो एकदाच करायचा. त्या मशीनवर सेटिंग्ज उघडा, तिथे सिस्टिम, त्यात पॉवर अँड स्लीप. 'स्लीप'समोर जो मिनिटांचा आकडा दिसेल तिथे 'नेव्हर' निवडा. स्क्रीन बंद झाली तर होऊ द्या, तिचा ड्राइव्हशी संबंध नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचं पान उघडा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्या, अशा अर्थाची तिथे एक खूण असते. ती काढून टाका. ही दुसरी गोष्ट अकराही मशीनवर करा, लॅपटॉपवर तर नक्कीच.

तुम्ही लिहिलंय, कधी क्लिक केल्यावर उघडतो, कधी नाही. तुम्ही सहज लिहिलं असेल, पण मला अख्ख्या पत्रात हेच वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटलं. कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडतच नाही ती झोप. क्लिक केल्यावर क्षणभर थांबून उघडतो, तो आजारच नव्हे. विंडोजमध्ये फायली वाटून देणारा जो भाग आहे, त्याला मुळातच सांगून ठेवलेलं असतं की १५ मिनिटं कोणी काही मागितलं नाही तर त्याची जोडणी सोडून द्यायची. ओटीवर कोणी नाही असं पाहून दिवा मालवावा, तसं. तुमच्या स्क्रीनवर फुली येते, तुम्ही क्लिक करता, जोडणी पुन्हा होते, काम सुरू. यात काही बिघडलेलं नसतं. फुली डोळ्यांत खुपतच असेल तर ती घालवता येते. सर्व्हर मशीनवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची आणि इंग्रजीत नेट कॉन्फिग सर्व्हर हे तीन शब्द टाइप करायचे. मग जागा सोडून तिरकी रेघ, तिला लागून ऑटोडिसकनेक्ट, विसर्गासारखे दोन ठिपके, आणि उणे एक. उणे एक म्हणजे कधीच सोडू नकोस. नुसतं नेट कॉन्फिग सर्व्हर टाइप केलं तर सध्या किती मिनिटं ठेवली आहेत ते दिसतं. बहुतेक १५ दिसेल. मी स्वतः ही फुली तशीच राहू देतो. पण माझ्या डोक्यावर शेठचा मुलगा बसलेला नाही.

आता एक विनंती. यापुढचं काही करण्याआधी एक वही घाला.

तुम्ही हिशेबाच्या ऑफिसात एकोणीस वर्षं आहात, रोजमेळ कसा लिहायचा हे मी तुम्हाला सांगायला नको. ड्राइव्ह तुटला की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कोणाकोणाचा, क्लिक केल्यावर उघडला का, आणि त्या वेळी लाइट झपकली का. बस. आठ दिवसांत त्या पानावर गुन्हेगाराचं नाव आपोआप उमटतं. संगणकाच्या धंद्यात हे कोणी करत नाही. कारण वही लिहायला आठ दिवस लागतात आणि 'थई गयुं' म्हणायला दोन मिनिटं.

मीही करत नसे. मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात होतो. तिथे स्टोअर्समधल्या मशीनचा ड्राइव्ह अधूनमधून जायचा. तिथे एक बाई बसत. मी चौघांदेखत म्हणालो, तुम्ही केबलला पाय लावता. त्या काही बोलल्या नाहीत. मी केबल बदलली, मग स्विच (विजेचा नव्हे, नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी डबी) बदलला, मग मशीन बदललं. ड्राइव्ह जातच राहिला. शेवटी त्याच बाईंनी माझ्यासमोर एक कागद ठेवला, त्यावर तारखा आणि वेळा. अमुक एक इन्स्पेक्टर रजेवर असलेल्या दिवशी एकदाही गेला नव्हता. त्या गृहस्थांनी फोनला वायफाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून टेबलामागे लावला होता. तो राउटर नेटवर्कवरच्या मशीनना आपल्या मनाने आकडी पत्ते वाटत होता. आमच्या राउटरऐवजी त्याच्याकडून ज्या मशीनला पत्ता मिळे ते मशीन जणू दुसऱ्याच गावात जाऊन बसे, आणि सर्व्हर काही सापडत नसे. मी त्या बाईंची माफी मागितली, पण कॅन्टीनच्या दाराशी, एकटं गाठून. आरोप केला चौघांत आणि माफी मागितली एकट्यात. ते अजून खटकतं. तुमचं पत्र वाचताना त्याच आठवत होत्या.

(हा प्रकार तुमच्याकडेही असू शकतो, म्हणून कोणी वेगळा राउटर किंवा वायफायची डबी आणून लावली आहे का, ते एकदा टेबलामागे वाकून पाहाच.)

पलीकडच्या खोलीचं प्रकरण मात्र खरंखुरं बिघाडाचं आहे, आणि तुम्ही ते लवकर धसाला लावा. तिघींचा एकदम जातो आणि पुढच्या आठांना त्या वेळी काही होत नाही, असं असेल तर सर्व्हर निर्दोष सुटला. संशयित उरतात तीन: गच्चीवरून जाणारी केबल, त्या खोलीतला छोटा स्विच, आणि त्या स्विचला वीज देणारा अडॅप्टर. कोण ते ओळखायला पैसे लागत नाहीत. पलीकडच्या एका मशीनवर काळी खिडकी उघडून पिंग हा शब्द, जागा सोडून सर्व्हरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी, असं इंग्रजीत टाइप करा. पत्ता म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल. दर सेकंदाला एक ओळ पडत राहील: उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं. आता त्याच मशीनवर दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिच्यात सर्व्हरऐवजी शेजारच्या मुलीच्या मशीनचा पत्ता घाला. दोन्ही चालू ठेवून काम करत राहा.

ड्राइव्ह गेला की दोन्ही खिडक्या पाहायच्या. सर्व्हरकडून उत्तर थांबलं, पण शेजारणीकडून येतंच आहे, तर खोलीतला स्विच ठीक आहे आणि गुन्हेगार गच्चीवर आहे. दोन्हीकडून एकदम थांबलं, तर स्विच किंवा त्याची वीज. मला स्वतःला विजेचा संशय जास्त येतो, कारण असं पुष्कळदा पाहिलंय: तिन्ही संगणक यूपीएसवर आणि हाताएवढा स्विच साध्या बोर्डवर, कूलरच्या शेजारी. लाइट पापणी लवण्याइतकी झपकते. संगणकांना कळतही नाही, पण स्विच बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि तेवढ्यात तिघींचा झेड गेलेला असतो. तुमच्या वहीतला चौथा रकाना याचसाठी आहे. तसं निघालं तर स्विचची पिन यूपीएसमध्ये खोचा. दुरुस्ती एवढीच. स्विच फार तापत असेल किंवा अडॅप्टरची पिन सैल असेल तर अडॅप्टर बदलून पाहा, स्विच नंतर.

केबल निघाली, तर ती गच्चीवर जाऊन स्वतः पाहा, किंवा कोणाला तरी पाठवून फोटो मागवा. आपल्या गावात गच्चीवरच्या केबलला तीन वैरी आहेत. एक वैशाखातलं ऊन. घरात वापरायची राखाडी किंवा निळी केबल उघड्यावर टाकली की तिचं कातडं दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. दुसरा पाऊस. तो त्या तडकलेल्या जागेतून आत शिरतो आणि केबलीच्या आतून उतरत टोकाच्या पिनेपर्यंत पोहोचतो, म्हणून पिन हिरवट पडली आहे का ते बघायचं. तिसरं आपलं उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला सगळं वडोदरा गच्चीवर असतं, मांजा केबलला घासतो, पोरं तिच्यावरून उड्या मारतात, आणि कोणीतरी अडकलेला पतंग ओढतंच. केबल तुटत नाही, आतली एखादी तार अर्धवट तुटते. मग ती वाऱ्यावर चालते.

अर्धवट तुटलेली केबल ओळखायची आणखी एक युक्ती सांगतो. या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १ गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी गेली की बऱ्याचदा जोडणी बंद न पडता गुपचूप खालच्या वेगावर येते. मात्र ही युक्ती मशीनला लागलेल्या केबलपुरतीच. मशीनवर नेटवर्क स्टेटसमध्ये जो वेग दिसतो तो मशीनपासून खोलीतल्या स्विचपर्यंतचा असतो, गच्चीचा नाही. म्हणून गच्चीवरून आलेली केबल स्विचमधून काढून थोडा वेळ थेट एका लॅपटॉपमध्ये खोचा आणि तेव्हा वेग पाहा. पुढचा स्विच गिगाबिटचा असून इथे १०० दिसलं, तर केबलीत किंवा तिच्या टोकाला दुखणं आहे.

बदलायची झाली तर बाहेर वापरायची काळी केबल मागा आणि ती प्लास्टिकच्या पाइपातून न्या. मध्ये जोड नको. पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तोच तुमचा आजार. एका दमात लांबी १०० मीटरच्या आत हवी. तेवढी बहुधा नसेलच, पण तळमजल्यावरून गच्चीवर चढायचं, गल्ली ओलांडायची आणि पलीकडे उतरायचं म्हणजे वाटतं त्यापेक्षा जास्त होते, मोजून घ्या. आणि घेताना टोकाची एक तार नखाने खरवडून बघा. आत तांब्याचा रंगच हवा. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम अशी केबलही तांब्याची म्हणून विकली जाते. ती स्वस्त असते, आणि वाकवली की तुटते.

हे होईपर्यंत त्या मुलींना सांगा, मोठी फाइल असेल तर आधी डेस्कटॉपवर घ्या, काम करा, मग झेडवर टाका. एक्सेल फाइल सेव्ह करताना आधी नव्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि मग जुनीच्या जागी ठेवतं. मध्येच ड्राइव्ह गेला की त्या फोल्डरमध्ये अक्षरं-आकड्यांचं विचित्र नाव असलेली, शेवटी काही नसलेली फाइल पडून राहते. कचरा समजून लगेच उडवू नका, कधीकधी तुमचा दुपारभराचा कष्ट तिच्यातच असतो. तिची एक नक्कल करून एक्सेलमध्ये उघडून पाहा.

सकाळचा निरोप क्षुल्लक आहे. विंडोज तुम्हाला आत घेतं तेव्हा नेटवर्क कार्ड अजून डोळे चोळत असतं. एक मिनिट थांबून झेडवर क्लिक करा, उघडेल. तेही नको असेल तर प्रो आवृत्तीच्या ग्रुप पॉलिसीत 'नेटवर्कसाठी नेहमी थांबा' अशा अर्थाची एक नोंद असते. ती चालू करायला भाईला सांगा.

नवे लॅपटॉप. तुम्ही लिहिलेल्या निरोपावरून ते विंडोज ११ ची २०२४ च्या उत्तरार्धात आलेली किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन आलेले दिसतात. तिच्यापासून प्रो लॅपटॉपवरही बिनपासवर्डाने दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणं मुळातच बंद केलेलं आहे. जुन्या विंडोजवर ते चालायचं, म्हणून तुमचा झेड इतकी वर्षं सताड उघडा आहे, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे इथे लॅपटॉप बरोबर आहेत आणि ड्राइव्ह चूक आहे. अशिलांचे पॅन, बँकेचे तपशील, विवरणपत्रं, सगळं त्यात असेल. सर्व्हर मशीनवर एक नवा वापरकर्ता तयार करा, त्याला पासवर्ड द्या, झेडवर त्याला परवानगी द्या. मग प्रत्येक मशीनवर पहिल्यांदा झेड जोडताना तेच नाव आणि पासवर्ड द्या आणि लक्षात ठेवण्याची खूण करा. वापरकर्ता तयार करताना पासवर्डची मुदत कधी संपणार नाही, अशी खूण करायला भाई विसरला, तर विंडोजची मूळ मुदत ४२ दिवसांची असते. मग दीड महिन्याने एका सकाळी अकराच्या अकरा मशीन एकदम बंद, आणि पुन्हा 'बेन, तुम्ही काय केलंत?'

चिरंजीवांच्या 'जुन्या पद्धती'ला हात लावू देऊ नका. फायली वाटण्याच्या त्या पहिल्या पिढीच्या पद्धतीतल्या भोकातूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला. त्याच वर्षाच्या शेवटापासून विंडोज १० मधून ती पद्धत काढून टाकायला सुरुवात झाली. तुमची अडचण तिच्याशी संबंधितही नाही. ती चालू करून पाहुण्यांचा प्रश्न सुटणार नाही, फक्त मागचं दार उघडं राहील.

आता सर्व्हरचं. फुलीसाठी सर्व्हर घेऊ नका. साध्या विंडोजवर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा असते, तुम्ही अकरा आहात, तिथे अडणार नाही. नव्या सर्व्हरलाही गच्चीवरच्या त्याच फाटक्या केबलीतून बोलावं लागेल, आणि तुमच्या मुलींचा झेड तसाच जाईल, फक्त महाग होऊन. पण ते जुनं मशीन बदलायला हवं हे खरं आहे, कारण मात्र वेगळं. ते विंडोज १० वर असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याचं नेहमीचं पोषण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. सगळ्यांच्या फायली ज्या मशीनवर, नेमकं तेच बिनदुरुस्तीचं ठेवणं बरं नव्हे. चिरंजीवांना काही खरेदी करायचीच असेल, तर दोन डिस्क बसणारी फायलींची पेटी घ्यायला सांगा. दुकानदार तिला 'नॅस' म्हणतो, आपल्या कानाला 'नास' ऐकू येतं, पण वस्तू चांगली आहे. तिच्यासमोर माणूस बसेल असं तिला वाटत नाही, म्हणून ती तशी झोपत नाही. एक डिस्क गेली तर दुसरीवर फायली शिल्लक राहतात. मात्र त्याला बॅकअप समजू नका. कोणी फाइल उडवली तर ती दोन्ही डिस्कवरून एकदम उडते. बॅकअप म्हणजे वेगळी डिस्क, आठवड्यातून दोनदा भरायची आणि कोणाच्या तरी घरी न्यायची.

आणि ते मशीन जमिनीवरून उचला, आजच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठे कुठे शिरलं ते तुम्ही पाहिलं आहे. एकोणीस वर्षांच्या फायली तळमजल्यावर, जमिनीपासून चार बोटं उंचीवर ठेवल्या आहेत तुम्ही. फुलीपेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली.

भाईला लबाड ठरवू नका. त्याला फोन येतो, तो येतो, माउस हलवतो, चालू होतं. आपण काय दुरुस्त केलं हे त्यालाही ठाऊक नसेल, मलाही नसायचं. पुढच्या वेळी तो 'थई गयुं' म्हणाला की पैसे द्यायच्या आधी शांतपणे विचारा, 'शुं थयुं हतुं?' (काय झालं होतं?) आणि तो जे सांगेल ते वहीत लिहून घ्या, त्याच्यासमोर. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी तो विचार करून उत्तर देईल, किंवा येणार नाही.

वही चिरंजीवांना दाखवू नका, त्यांच्या वडिलांना दाखवा. आरोप खोडून काढायला म्हणून नको. आठ दिवसांचं पान उघडून टेबलावर ठेवा आणि म्हणा, पुढच्या आठांचा असा जातो, मागच्या तिघींचा असा जातो, ही दोन कामं वेगळी आहेत, आणि केबलीला एवढा खर्च येईल. ज्यांनी जन्मभर अशिलांच्या वह्या तपासल्या त्यांना वहीतली नोंद नाकारता येत नाही. चिरंजीव माफी मागतील का, ते सांगता येत नाही. मागितलीच तर कॅन्टीनच्या दाराशी मागू देऊ नका.

शिपायाचे चारशे रुपये राहिलेत, त्यांची आठवण करा. आणि १६ जानेवारीला कोणाला तरी गच्चीवर पाठवा. केबल नवी असो की जुनी, मांजा अडकलेला असेल तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा.